ताई, शिकारीचं पॅकेज आहे का?

सांगलीत नेमिनाथनगरच्या कल्पद्रुम ग्राउंडवर टूर्सवाल्यांचं प्रदर्शन लागलं की त्यात आमचा एक स्टॉल असतोच. मी जंगलाच्या ट्रिपा बुक करून देते, ताडोबा, पेंच, कान्हा, रणथंबोर आणि बाहेरच्यात केनिया-टांझानिया-साऊथ आफ्रिका, म्हणजे जिप्सी आमची नाही, रिसॉर्ट आमचं नाही, जंगल तर सरकारचं, आम्ही फक्त मधले. आजूबाजूला दुबई, थायलंड, चारधाम असं चालू असतंय आणि आमच्या मागच्या फ्लेक्सवर आफ्रिकेतला रेडा उभा, त्यामुळं माणसं थांबतात, पोरं सेल्फी काढतात, आणि मग त्यातलाच एकजण टेबलावर वाकून जरा बारीक आवाजात विचारतो, ताई, शिकारीचं पॅकेज आहे का?

हा प्रश्न प्रत्येक प्रदर्शनात येतो. दरवेळी गर्दीत दोन मिनिटांत उत्तर द्यावं लागतं आणि दोन मिनिटांत ते सांगून होत नाही, म्हणून एकदा निवांत बसून लिहितीये. विचारणाऱ्यांचा मला राग येत नाही हे आधीच सांगते. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं काहीतरी असतं, आणि ते ऐकून घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

म्हातारी माणसं विचारतात ते आठवणीतनं विचारतात. मागच्या वेळी शिराळ्याकडचे एक आजोबा आले होते, धोतर, टोपी, बरोबर नातू. म्हणाले, पोरी, आमच्या वेळंला सायेब लोक जीप घिऊन यायचे, आम्ही हाका घालायला जायचो, वाघरू पडलं की गावातनं मिरवणूक. नातवाला ते काही खरं वाटत नव्हतं. पण आजोबा खरंच सांगत होते. १९७२ च्या आधी आपल्या देशात हा उघड धंदा होता. जंगलाचे ब्लॉक पाडलेले असायचे, शूटिंग ब्लॉक, वनखात्याकडं अर्ज केला की ठराविक दिवसांसाठी ब्लॉक मिळायचा, कुठलं जनावर किती मारायचं ते परमिटवर लिहिलेलं. पन्नास-साठच्या दशकात तर शिकार कंपन्याच होत्या, परदेशी पाहुण्याला उतरवून घ्यायचं, जंगलात तंबू ठोकायचे, मचाण, खाली बांधलेलं रेडकू, हाकारे, आचारी, सगळं एका दरात. म्हणजे मी आज जे काम करते तेच काम करणारी माणसं तेव्हापण होती, फक्त शेवट वेगळा होता.

आणि आपल्या भागात तर हा शौक त्याच्याही आधीचा, राजेरजवाड्यांचा. शेजारी कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते सोडून काळवीट धरायचे, ते चित्ते सांभाळणारे चित्तेवान वेगळे असायचे, आणि आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाले तेव्हा आफ्रिकेतनं मागवले. साताऱ्याला संगम माहुलीत थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, शिकारीत त्यानं वाघापासनं महाराजांचा जीव वाचवला असं सांगतात. तर हे सगळं आपल्या मातीत आहे, आजोबांच्या डोळ्यात ते चमकणारच. पण १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ ला वन्यजीव संरक्षण कायदा, १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प, आणि ते दार बंद झालं. मी आजोबांना म्हटलं, बरं झालं बंद झालं, नाहीतर तुमच्या नातवाला दाखवायला माझ्याकडं काही राहिलं नसतं. त्यावर ते म्हणाले, वाघाचं ऱ्हाऊ दे गं, आमच्या भुईमुगातल्या डुकरांचं काय ते सांग.

इथं मात्र मी गप्प बसून ऐकलं. चांदोलीच्या जंगलाकडेची गावं काय सोसतात ते प्रदर्शनाला आलेल्या शहरातल्या माणसाला कळत नाही. रात्रभर माळ्यावर बसायचं, डबे वाजवायचे, फटाके लावायचे, आणि पहाटे डोळा लागला की तेवढ्यात डुकरांचा कळप सरी उलथून जातोय. आजोबांचा नातू हुशार, तो म्हणाला, मॅडम, डुक्कर मारायची परवानगी मिळते की, मग आपण पुण्या-मुंबईचे पाव्हणे आणू, ते पैसे देतील, शिकार करतील, आमचं रान वाचंल, तुम्हाला कमिशन. तुम्हाला सांगते, ऐकायला हे इतकं सरळ वाटतं की मी पण क्षणभर विचारात पडले. पण ती परवानगी तशी नाहीच. पिकाचं नुकसान होतंय म्हणून वनखात्याचा अधिकारी लेखी देतो, त्या जागेपुरती, त्या कारणापुरती, आणि मेलेलं जनावर सरकारचं असतं, त्याचं मटण घरी न्यायचं नाही. ती विकायला काढली, पाहुण्याच्या करमणुकीला वापरली, की शेतकरीच आत जाईल, आणि पाहुणा गाडीत बसून पुण्याला. त्याला म्हटलं, परवानगी हवी तर स्वतःसाठी रेंजरकडं अर्ज कर, नुकसान झालं की त्याच दिवशी कळव, पंचनामा करून घे, फोटो काढून ठेव, १९२६ हा वनखात्याचा नंबर पाठ कर. आणि रान उलथलेलं असताना ते आधी सरळ करून मग फोटो काढू नकोस, हे पण सांगितलं, कारण बरेचजण तसंच करतात आणि मग पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही.

पोरांचं वेगळं. पंचविशीतली दोघं-तिघं येतात, मोबाईल पुढं करतात. त्यावर एक मेसेज असतो, फार्महाऊस, रात्रीचा कॅम्प, गावठी जेवण, आणि खाली सूचक शब्दांत ससा, रानडुक्कर, तितर, काय म्हणाल ते. कुणाचा मेसेज ते मी लिहिणार नाही. विचारतात, ह्यात तुमचं पण असलं काही आहे का. त्यांना मी खुर्ची देऊन बसवते आणि नीट सांगते, कारण त्यांना खरंच माहीत नसतं. त्यांना वाटतं कायदा म्हणजे वाघ आणि हत्ती. घोरपड, मोर, खवल्या मांजर हे सगळे कायद्याच्या शेड्युल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, त्यात सापडलात तर ३ ते ७ वर्षं तुरुंग आणि कमीत कमी २५,००० दंड. ससा-डुक्कर त्यात नसलं तरी गुन्हा आहेच. आणि गोळीच घालायला पाहिजे असं नाही, फास लावला, जाळं टाकलं, सर्चलाइट मारून पाठलाग केला, हे सगळं कायद्यात शिकारच. गाडी जप्त, हत्यार जप्त. कॅम्पवाला म्हणेल मी फक्त जेवण विकत होतो. मधला माणूस सटकतो, आलेला अडकतो, हे मला फार लागतं, कारण मी पण मधलीच आहे आणि माझ्या शब्दावर माणसं पैसे टाकतात.

आता विट्याच्या दादांचं सांगते, ते सगळ्यात मोठं प्रकरण.

आपल्या खानापूर-विटा भागातली गलाईवाली माणसं तुम्हाला माहीतच आहेत, सोनं-चांदी गाळायचं काम, देशभर कुठल्याही शहरातल्या सराफ कट्ट्यावर जावा, एक विट्याचा माणूस भेटणारच. तर हे दादा तसे, दुकान तिकडं दक्षिणेत, यात्रेला गावी आलेले, बायको आणि भाचा बरोबर. आले, फ्लेक्सकडं बघितलं आणि सरळ म्हणाले, हा रेडा मारायचाय, कितीला पडंल? मी नेहमीसारखं कायद्याचं चालू केलं तर मध्येच थांबवलं. ताई, मला इथं मारायचाच नाही. साऊथ आफ्रिकेत कायदेशीर हाय न्हवं? मी व्हिडिओ बघितलाय. मग तुम्ही का करत नाही?

प्रश्न रास्त होता. आणि खरं म्हणजे माझ्याकडं तो दर होता. जोहान्सबर्गच्या ज्या ऑपरेटरबरोबर आम्ही फोटो सफारी करतो तो शिकारीच्या ट्रिपा पण करतो, त्याची यादी त्यानं मला कधीच पाठवून ठेवलेली. मी लॅपटॉप उघडला, दादांना आत बोलावलं आणि एकेक ओळ वाचून दाखवली. माझं मत असं की माणसाला नाही म्हणायचं तर सगळं दाखवून नाही म्हणावं.

पहिली ओळ डेली रेट. राहणं, खाणं, गाडी, माग काढणारे ट्रॅकर आणि पीएच, म्हणजे लायसन्सवाला प्रोफेशनल हंटर, तो पूर्णवेळ बरोबर असतोच. एका पाहुण्याला एक पीएच घेतला तर दर जास्त, दोघांत एक घेतला तर कमी. वहिनी नुसत्या बघायला आल्या तरी त्यांचा ऑब्झर्व्हर म्हणून वेगळा दर. मग खाली जनावरांची यादी आणि प्रत्येकापुढं ट्रॉफी फी, इम्पाला हरीण खालच्या दरात, मग कुडू हे मोठं हरीण, झेब्रा, असं वर चढत चढत रेड्यापर्यंत. म्हणजे रोजचं भाडं वेगळं आणि जनावराचे पैसे वेगळे. दादांनी विचारलं, नाही मिळालं तर? तर ट्रॉफी फी नाही, पण डेली रेट गेलेलाच. आणि जखमी होऊन पळालं, शोधूनही सापडलं नाही तर? तर पूर्ण फी. रक्त दिसलं की जनावर तुमच्या नावावर. इथं दादांनी मान वर केली. धंदा करणारा माणूस, घट-तूट त्याला लगेच कळते.

मग पुढचं. रेड्यासारख्या धोक्याच्या जनावराला बहुतेक ठिकाणी कमीत कमी .३७५ कॅलिबरची मोठी रायफल लागते, ती तिथं भाड्यानं. गोळ्या वेगळ्या. मुंडकं-कातडं साफ करून मिठात घालणं वेगळं, मग टॅक्सिडर्मीवाला, म्हणजे पेंढा भरून देणारा, तो महिनोन्‌महिने घेतो, मग पेटी, जहाज, दोन्हीकडचे परवाने, आणि परवान्यात काही कमी निघालं की कस्टम्समध्ये पेटी अडकली. २०१५ मध्ये झिम्बाब्वेत सीसिल सिंह मारला गेला तेव्हा जगभर इतका गदारोळ झाला की अमेरिकेतल्या मोठमोठ्या विमान कंपन्यांनी सिंह, हत्ती, गेंडा असल्या ट्रॉफ्या, म्हणजे मुंडकी-कातडी, न्यायचंच बंद केलं. हे सगळं व्हिडिओत नसतं.

भाच्यानं विचारलं, ह्यात तुम्हाला किती मिळणार? मी लपवत नाही. बाहेर या धंद्यात एजंटला साधारण १० ते १५ टक्के मिळतात, ते तिकडचा आउटफिटर, म्हणजे शिकारीची सगळी सोय करणारा, देतो, गिऱ्हाइकाला दर तोच पडतो. जर्मनीत डॉर्टमुंडला दर हिवाळ्यात याग्ड उंड हुंड नावाचं शिकारीचं मोठं प्रदर्शन भरतं, अमेरिकेत डॅलस सफारी क्लबचं अधिवेशन असतं, तिथं माझ्यासारखीच माणसं बसलेली असतात, मागं फ्लेक्स, पुढं टेबल, आणि पुढच्या हंगामाची बुकिंगं होतात. २०१४ ला डॅलसमध्ये नामिबियातल्या एका काळ्या गेंड्याच्या परमिटचा लिलाव साडेतीन लाख डॉलरला गेला, एका गेंड्याचा. वहिनींनी तोंडावर हात ठेवला.

मग दादा म्हणाले, बरं रेडा सोडा, सिंह कितीला? मी म्हटलं, दादा, सिंह म्हटलं की पहिला प्रश्न दराचा विचारायचा नाही, पहिला प्रश्न विचारायचा, कुंपण किती हेक्टरचं? त्यांना काही कळेना. मी म्हटलं, सागरेश्वर तुमच्या जवळ, तिथं जाळी आहे की नाही? हाय की, म्हणाले. आता सागरेश्वरची जाळी कशासाठी, तर हरणं, सांबर बाहेर लोकांच्या पिकात जाऊ नयेत, जनावर आणि माणूस दोघं सुरक्षित राहावेत. धो. म. मोहिते अण्णांनी बोडक्या डोंगरावर झाडं उभी करून ते अभयारण्य केलं, जेमतेम ११ चौरस किलोमीटर, पण आतलं जनावर आतच जन्मतं, वाढतं, म्हातारं होऊन मरतं. तिकडं काही फार्मवर जाळी असते ती वेगळ्या कामाला. पिंजऱ्यात वाढवलेला सिंह, माणूस दिसला की खायला मिळणार एवढंच त्याला माहीत, त्याला त्या जाळीत सोडायचं आणि पाहुण्याला गाडीतनं न्यायचं. पळायला जागा नाही, लपायची सवय नाही. फोटो मात्र तसाच येतो, सिंह पण खराच असतो. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनंच २०२१ मध्ये हा बंदिस्त सिंहांचा धंदा बंद करणार असं जाहीर केलं. पॅम्प्लेटवर हे कुणीच लिहीत नाही. एजंटनं सांगितलं तरच गिऱ्हाइकाला कळणार, आणि सांगितलं तर एजंटचं कमिशन जाणार.

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे सगळंच वाईट?

आता इथं मला सोपं उत्तर देता आलं असतं, पण ते खरं झालं नसतं. नामिबियात १९९६ पासनं गावांना आपापल्या भागातल्या जनावरांवर हक्क दिलेत, कॉन्झर्व्हन्सी म्हणतात, तिथं शिकारीचा पैसा आणि मटण गावात येतं, त्यातनं राखणदारांचे पगार निघतात, आणि असे कोरडे भाग आहेत जिथं फोटो काढायला कुणी टुरिस्ट जात नाही. तिथल्या माणसाला तुम्ही शिकार बंद करा म्हटलं तर तो विचारेल, मग हत्तीनं तुडवलेल्या रानाचे पैसे कोण देणार, आणि आमचे शिराळ्याचे आजोबा त्याला लगेच हो म्हणतील. उलट केनियानं १९७७ लाच शिकार बंद केली आणि फोटोवाल्या टुरिस्टवर जंगलं चालवली. बोट्सवानानं २०१४ ला बंद केली, २०१९ ला परत चालू केली. यावर तिकडं जाणती माणसं दोन्ही बाजूंनी भांडतायत, मी सांगलीत बसून निकाल देणारी कोण. पण मी काय विकायचं ते तर मी ठरवू शकते.

आणि मी शिकार विकत नाही याला माझी दोन कारणं आहेत, ती मी दादांना सांगितली तशीच इथं लिहिते. एक, जी गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितली नाही तिच्यासाठी माझा शब्द द्यायचा नाही. ताडोब्यातल्या रिसॉर्टचा गिझर कुठल्या खोलीत नीट चालतो हे मला माहीत असतं, केनियातल्या मसाई मारातला ड्रायव्हर मराठी माणसाला भाकरी नाही पण चपाती कुठं मिळेल हे सांगतो, पण साऊथ आफ्रिकेतल्या लिम्पोपो भागात कुठल्या फार्मवर जनावर कुठनं ट्रकनं आणलं, कुंपण किती मोठं, ते मी कशी सांगणार? त्यावर विश्वास ठेवून माणूस आयुष्याची कमाई घालणार. दुसरं कारण साधं आहे, माझं मन होत नाही. मी मारात गवतात उभा असलेला तो रेडा बघितलाय, ओला चिखल अंगाला लागलेला, पाठीवर पाखरं, तो नुसता बघत राहतो, हलत नाही. त्याला पाडण्याचे १० टक्के माझ्या खात्यात आलेले मला नकोत. कुणाला हे हळवं वाटेल, वाटू दे.

वहिनी तेवढ्यात म्हणाल्या, अहो, ते मुंडकं घरात कुठं लावणार, मला तर देवघरासमोर ते नकोच. आणि मग त्यांनीच विचारलं, नुसतं बघायला किती? त्या दिवशी बुकिंग झालं नाही. दोन-चार दिवसांनी भाच्याचा फोन आला, ऑगस्टमध्ये मसाई माराला जायचंय म्हणून. तेव्हा पण मी सांगितलं की जुलै ते ऑक्टोबर तिथं विल्डबीस्टचे, म्हणजे तिकडच्या मोठ्या हरणांचे, कळप असतात, पण नदी ओलांडताना दिसतीलच असं नाही, हजारो जनावरं काठावर येऊन तासन्‌तास उभी राहतात आणि अचानक माघारी पण फिरतात. चालंल म्हणाले. गेले, आले, त्यांना एका संध्याकाळी नदी ओलांडताना दिसली. आल्यावर दादा फोनवर बराच वेळ बोलले, पण ते सगळं मी इथं लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

हे ‘नाही’ सांगणं, म्हणजे दिसेलच असं नाही हे आधी सांगणं, यावर मला जरा जास्त बोलायचंय. कारण शिकार बंद झाली तरी शिकारीचा हिशोब आपल्या डोक्यातनं गेलेला नाही. पैसे भरले, जनावर पाहिजे. तिकडं ट्रॉफी फी आणि इकडं वाघ दिसला का. प्रदर्शनात मी बघितलंय, एका स्टॉलवर चक्क लिहिलेलं होतं, वाघ शंभर टक्के. नाव घेत नाही. माणसं तिकडं वळली, मला दिसत होती. पण त्या एका ओळीनं पुढं काय होतं ते मी जंगलात बघते. पाहुणा गाइडच्या मागं लागतो, गाइड ड्रायव्हरच्या, ड्रायव्हर जिप्सी दामटतो, वाघीण बसलेली असते तिथं गाड्यांची रांग, तिला रस्ता ओलांडायला जागा नाही, बारकी पिल्लं झुडपात अडकलेली, आणि गाडीतली पोरं ओरडतायत. ती बंदूक नाही हे खरं, पण जनावराला त्रास द्यायचा तो आपण देतोच. ताडोब्यात कोअरमध्ये, म्हणजे आतल्या मुख्य जंगलात, मोबाईल बंद केले ते उगाच नाही.

म्हणून मी बुकिंग घेताना सांगते, महाराष्ट्र एक्सप्रेसनं इतका लांबचा प्रवास करून जाल, मंगळवारी ताडोबा बंद असतं, पावसाळ्यात कोअर बंद असतो, पहाटे थंडीत उघड्या जिप्सीत बसावं लागतं, आणि एवढं करून वाघ नाही दिसला तर पैसे परत नाहीत. पण गाइडला म्हणा, वाघ सोडून दाखवा. मग तो तुम्हाला अस्वलानं उकरलेलं वारूळ दाखवेल, रानकुत्र्यांचा माग दाखवेल, वानराचा आवाज आणि चितळाचा आवाज आला की थांबायचं का ते सांगेल. हे ऐकून काहीजण उठून जातात. जे बसतात ते मात्र परत येतात, पुढच्या वर्षी पोरांना घेऊन, त्याच्या पुढच्या वर्षी मेव्हण्याला घेऊन.

आणि प्रत्येकाला, कितीही मोठं पॅकेज घ्यायला आलेला असला तरी, मी एकदा विचारतेच, चांदोली बघितलीत का? दहातल्या नऊ जणांचं उत्तर धरण बघितलंय. अहो धरणाच्या मागं काय आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत, हजार चौरस किलोमीटरच्या वर. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारशात गेला त्यात आपलं कास, कोयना, चांदोली आहेत. मणदूर, जाधववाडीकडनं आत गेलं की गवे, भेकर, शेकरू, धनेश, नशीब असलं तर अस्वल. २०१८ ला चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला तेव्हा मला किती आनंद झाला ते सांगता येत नाही, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून वाघीण आणून सोडली. ती तुम्हाला दिसावी म्हणून आणलेली नाही, तिनं इथं राहावं म्हणून आणलीये. त्या जंगलासाठी आतल्या गावांनी घरं सोडलीत, देवळं सोडलीत, हे जाताना लक्षात ठेवा. यात मला कमिशन जवळपास काहीच नाही, शिराळ्याच्या एका पोराचा नंबर देते आणि जावा म्हणते.

कधी कुणी म्हणतं, आपल्याकडं कुठली आलीयेत जनावरं. मी विचारते, २०२१ विसरलात का? मार्चमध्ये सांगलीत राजवाडा चौकात बिबट्या होता आणि डिसेंबरमध्ये गवा मार्केट यार्डात. हळदीचे सौदे चालतात तिथं गवा. अख्खं शहर गच्चीवर चढलं होतं, पण दोन्ही जनावरं वनखात्यानं जिवंत धरून नेली, आणि तेव्हा गर्दी मागं सारायला जी पोरं उभी होती त्यातलीच काही आज माझ्याकडं ट्रिपला येतात.

परवा जोहान्सबर्गवाल्याचा मेल आला. पुढच्या हंगामाची शिकारीची यादी, इंडियासाठी खास दर, एजंटला नेहमीपेक्षा जास्त टक्के, तुमच्याकडनं एक पण बुकिंग नाही, मार्केट नाही का असं विचारलेलं. मी लिहिलं, मार्केट आहे, रोज विचारतात, पण मी करत नाही, तुमच्या फोटो सफारीचे जूनचे दर पाठवा, शाळेच्या सुट्टीत इकडची कुटुंबं निघतात, व्हेज जेवणाची सोय कुठल्या लॉजवर आहे ते पण कळवा. त्यानं दुसऱ्या दिवशी दर पाठवले, व्हेजचा मेनू पण पाठवला. त्यात डाळ आहे असं लिहिलंय, ती कसली डाळ ते मी परत विचारलंय, उत्तर आलं की पुढच्या प्रदर्शनाच्या पॅम्प्लेटवर टाकते.